जिनिव्हाचा अहवाल आणि हळ्ळीखेड (बी)



बीदरहून हुमनाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर हळ्ळीखेड (बी) लागते. बीदर सहकारी साखर कारखान्यामुळे हे नाव ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या ओठी बसलेले आहे. पण त्या नावाकडे थबकून पाहणारे थोडे. 'हळ्ळी' म्हणजे कन्नडात गाव. 'खेड' म्हणजे मराठीत गाव. कंसातला 'बी' हा बुद्रुकचा, आणि बुद्रुक हा फारसी 'बुजुर्ग'चा मराठमोळा अवतार. नावाची दिसते तशी फोड केली, तर तीन भाषा एकाच पाटीवर शेजारी शेजारी बसलेल्या आढळतात, आणि त्यांतल्या दोन तर एकच गोष्ट सांगत असतात. सीमेवरच्या मुलखाची भाषिक स्थिती याहून थोडक्यात कोणी सांगितली असेल असे वाटत नाही. सरकारी कागदावर मात्र या तीन भाषांची नोंद कशी होते, कोण करतो, आणि ती नोंद पुढे कोणाच्या हाती जाते, हा प्रश्न निराळा आहे. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तोच आहे.

या मुलखाला अहवालांची ओळख नवी नाही. निजामाच्या राजवटीत राज्यकारभाराचे अहवाल इंग्रजीत छापले जात. कारभाराची भाषा उर्दू होती. आणि ज्यांच्याविषयी ते अहवाल असत ती प्रजा मराठी, कन्नड व तेलुगू बोलणारी होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम उर्दू ठरले, ही देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याची मोठी घटना म्हणून गौरविली गेली, आणि तो गौरव सर्वस्वी अस्थानी नव्हता. परंतु संस्थानातल्या बहुसंख्य लोकांची ती घरची भाषा नव्हती, ही गोष्टही तितकीच खरी. १९२१ च्या एका फर्मानाने जाहीर सभांना परवानगीचे कुंपण घातले, आणि त्याच दशकात खासगी शाळांनाही सरकारी परवानगीची अट आली. अशा काळात वाचनालय हे मराठी माणसाला एकत्र बसण्याचे, वर्तमानपत्र मोठ्याने वाचण्याचे एक निर्वेध ठिकाण होते. मराठवाड्यातल्या आणि हैदराबाद शहरातल्या जुन्या ग्रंथालयांचा जन्म नुसत्या वाचनाच्या हौसेतून झालेला नाही, हे या पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाचा शेवट झाला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. त्या दिवशी बीदर जिल्ह्याचेही तीन वाटे पडले. अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले. जहीराबाद व नारायणखेडकडचा भाग आंध्र प्रदेशात गेला. उरलेला जिल्हा, म्हणजे बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद वगैरे मुलूख, म्हैसूर राज्यात आला. त्याच राज्याचे नाव १ नोव्हेंबर १९७३ पासून कर्नाटक झाले. एका जिल्ह्याचे लोक एका रात्रीत तीन राज्यांचे झाले. उदगीरचा मराठी माणूस बहुसंख्याक झाला आणि भालकीचा त्याचा व्याही अल्पसंख्याक. दोघांनीही आपली जागा सोडली नव्हती. हलली होती ती रेषा.

ही रेषा योग्य जागी होती की नव्हती, हा वाद इथे काढावयाचा नाही. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये आपला अहवाल दिला, महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि त्या विषयावर बोलणारांची उणीव नाही. रेषा कोठेही ओढली तरी तिच्या दोन्ही अंगांना कोणी ना कोणी अल्पसंख्याक म्हणून उरणारच. त्या उरलेल्यांचे काय होते हे सरकार कोणाला सांगते, एवढाच आजचा प्रश्न आहे.

सांगण्याची दोन ठिकाणे आहेत. एक दूरचे, एक जवळचे.

दूरचे ठिकाण जिनिव्हा. नागरी व राजकीय हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करारनामा संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १६ डिसेंबर १९६६ रोजी संमत केला. तो २३ मार्च १९७६ रोजी अमलात आला आणि भारताने १० एप्रिल १९७९ रोजी तो स्वीकारला. त्याचा २७ वा अनुच्छेद असा की, ज्या राज्यांत वांशिक, धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याक आहेत, तेथे त्या समूहातील व्यक्तींना आपल्या समूहातील इतरांसह आपली संस्कृती जपण्याचा, आपला धर्म पाळण्याचा आणि आपली भाषा वापरण्याचा हक्क नाकारला जाऊ नये. आणि ४० वा अनुच्छेद असा की, हे सारे कितपत पाळले जाते याचा अहवाल प्रत्येक सरकारने स्वतः लिहून द्यावा. करार लागू झाल्यापासून एका वर्षात पहिला अहवाल, आणि पुढे समिती मागेल तेव्हा.

सरकारने स्वतःच स्वतःचे प्रगतिपुस्तक भरावे, ही कल्पना ऐकताच हसू येते. पण ती अगदीच भोळी नाही. राष्ट्रसंघाच्या काळात ज्या सत्तांकडे परक्या मुलखांचा कारभार सोपविला होता त्यांच्याकडून वार्षिक अहवाल मागविले जात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ पासून हीच पद्धत कामगारविषयक करारांना लावली, आणि भारत त्या संघटनेचा संस्थापक सभासद आहे. सार्वभौम सरकारला कोणी छडी मारू शकत नाही. पण त्याच्याकडून लिहून घेता येते, आणि लिहिलेल्यावर प्रश्न विचारता येतात. मानवाधिकार समितीत अठरा तज्ज्ञ असतात. ते आपापल्या देशांचे वकील म्हणून नव्हे, तर व्यक्तिशः निवडून आलेले असतात. सरकारचा अहवाल आला की समिती प्रश्नांची यादी पाठविते, शिष्टमंडळाला समोर बसवून विचारणा करिते आणि अखेरीस आपली निरीक्षणे प्रसिद्ध करिते. त्यांत दंड नाही, शिक्षा नाही. दरम्यान स्वयंसेवी संस्था आपले पर्यायी अहवाल समितीकडे धाडतात, आणि अनुभवी सदस्यांचे अर्धे प्रश्न त्यांतूनच निघतात. काही देशांच्या नागरिकांना समितीकडे व्यक्तिगत तक्रारही करता येते. परंतु त्यासाठीचा वैकल्पिक पूरक करार भारताने स्वीकारलेला नाही. त्यामुळे भारतीय माणसाला या करारापुरते अहवालाचे हे एकच दार उघडे आहे.

ते दार किती वेळा उघडले? भारताच्या पहिल्या अहवालाची छाननी १९८४ साली झाली, दुसऱ्याची १९९१ साली, तिसऱ्याची जुलै १९९७ मध्ये. चौथा अहवाल ३१ डिसेंबर २००१ पर्यंत द्यावयाचा होता. त्याची छाननी जुलै २०२४ मध्ये झाली, महान्यायवादी आर. वेंकटरमणी हे शिष्टमंडळाचे प्रमुख होते. मध्ये सत्तावीस वर्षे गेली. १९९७ च्या जूनमध्ये हळ्ळीखेडच्या शाळेत पहिलीत बसलेले सहा वर्षांचे मूल पुढच्या विचारणेच्या वेळी तेहतीस वर्षांचे झाले होते, आणि त्याचे स्वतःचे मूल शाळेत जाऊ लागले असल्यास नवल नाही. एका मुलाच्या साऱ्या शिक्षणाविषयी या समितीने एकदाही विचारले नाही, असा याचा अर्थ आहे. या सत्तावीस वर्षांत केंद्रात निरनिराळ्या पक्षांची सरकारे येऊन गेली; तेव्हा हा विलंब कोणा एका पक्षाच्या माथी मारण्यासारखा नाही. भारत एकटाच विलंबी आहे असेही नाही. थकलेल्या अहवालांची यादी लांबलचक झाल्यामुळेच समितीने अहवालाविनाही विचारणा करण्याची वहिवाट पाडली आणि पुढे आठ वर्षांचे ठरलेले चक्र स्वीकारले.

१९९७ च्या निरीक्षणांत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या स्थापनेचे स्वागत होते, सशस्त्र दलांच्या विशेष अधिकारांविषयी चिंता होती, आणि अगदी शेवटी एक लहानशी शिफारस होती: ही निरीक्षणे भारताच्या सर्व भागांतील जनतेपर्यंत सर्वदूर पोचवावीत. सर्व भागांत बीदर येते. समितीचे कागद संयुक्त राष्ट्रांच्या ठरलेल्या सहा भाषांत निघतात. त्यांत मराठी नाही, कन्नड नाही, हिंदीही नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांविषयीचा करार ज्याच्या हक्कासाठी केला, त्यालाच तो त्याच्या भाषेत सहजी वाचावयास मिळू नये, यातली विसंगती निजामाच्या इंग्रजी अहवालांची आठवण करून देते. समितीनेच १९९४ साली २७ व्या अनुच्छेदावर जे विवरण प्रसिद्ध केले, त्यात एक मुद्दा फार मोलाचा आहे. एखाद्या देशात अल्पसंख्याक आहेत की नाहीत हे सरकारने ठरवावयाचे नसते. ते वस्तुस्थितीवरून ठरते. सरकार मोजो वा न मोजो, माणसे असतातच.

आता जवळचे ठिकाण. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने दोन अनुच्छेद संविधानात आले. ३५०-क म्हणतो की, भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने व स्थानिक प्राधिकरणाने करावा. ३५०-ख म्हणतो की, या संरक्षणांची चौकशी करण्यासाठी राष्ट्रपतींनी एक विशेष अधिकारी नेमावा, त्याने राष्ट्रपतींना अहवाल द्यावा, आणि तो संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवून राज्यांना धाडावा. हाच भाषिक अल्पसंख्याक आयुक्त. जुलै १९५७ मध्ये हे कार्यालय सुरू झाले. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती बी. मलिक हे पहिले आयुक्त. मुख्यालय दीर्घकाळ अलाहाबादेस होते, आणि विभागीय कार्यालयांपैकी एक बेळगावात उघडले गेले. जिनिव्हाच्या मानाने बेळगाव म्हणजे शेजारच्या गल्लीत.

आयुक्ताच्या अहवालांचे जुने खंड चाळणाऱ्याला प्रथम कंटाळा येतो आणि मग हळूहळू रस वाटू लागतो. पद्धत अशी: आयुक्त राज्यांना प्रश्नावली पाठवितो. अल्पसंख्याक भाषांच्या किती शाळा, किती विद्यार्थी, किती शिक्षक, पाठ्यपुस्तके कोठून येतात, सूचना व नियम त्या भाषांत प्रसिद्ध होतात काय. राज्ये उत्तरे देतात, किंवा देत नाहीत. उत्तर न आल्याची नोंद हे या अहवालांतले वारंवार भेटणारे वाक्य आहे. मग स्मरणपत्र, मग पुन्हा नोंद. आयुक्ताला समन्स काढण्याचा अधिकार नाही, हुकूम करण्याचा तर नाहीच. जे सांगितले गेले ते लिहावे, जे सांगितले गेले नाही तेही लिहावे, एवढेच त्याच्या हाती.

अहवाल हा प्रकार मुळातच निर्जीव असतो अशी समजूत यावरून कोणी करून घेऊ नये. अनुसूचित जाती व जमातींचे आयुक्त डॉ. ब्रह्मदेव शर्मा यांनी १९८७ ते १९८९ या काळाचा जो एकोणतिसावा अहवाल लिहिला, तो लोकांनी पुस्तकासारखा वाचला. अधिकार तितकेच तुटपुंजे होते. लिहिणारा निराळा होता.

भाषिक संरक्षणांची कसोटी कोणती, हे मात्र बऱ्याच मराठी पालकांना ठाऊक नसते. प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या ऑगस्ट १९४९ च्या परिषदेत ठरले की, एखाद्या शाळेत त्या भाषेचे चाळीस विद्यार्थी असतील, किंवा एका वर्गात दहा असतील, तर मातृभाषेतून शिकविण्याची सोय करावी. पुढे त्यात व्यवहाराची जोड दिली गेली: शालेय वर्ष सुरू होण्यापूर्वी तीन महिने एक आगाऊ नोंदवही उघडावी, पालकांनी आपल्या पाल्याची भाषा तीत नोंदवावी, आणि एका शाळेत संख्या भरत नसेल तर जवळच्या शाळांमध्ये जुळवाजुळव करावी. शिवाय ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात अल्पसंख्याक भाषा बोलणारे १५ टक्के वा अधिक असतील, तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात.

दहा, चाळीस, पंधरा. हे आकडे कायद्यापेक्षा पंचांगासारखे पाठ असावयास हवे होते. अहवालात 'सोय उपलब्ध आहे' एवढे तीन शब्द लिहिले की सरकारचे काम भागते, आणि ते शब्द खोटे असतातच असे नाही. इमारत असते, फलक असतो, पटही असतो. पण चार वर्गांना मराठी येणारा शिक्षक एकच असेल, तर ती सोय होय काय? पुस्तक दिवाळीनंतर हाती आले तर? पाचवीनंतर जवळपास मराठी माध्यमच नसेल, तर हिशेबी बाप पहिलीतच मुलाचे नाव कोठे घालील? पट घसरतो; दहाची संख्या भरत नाही; वर्ग बंद होतो; आणि पुढच्या अहवालात 'मागणी नाही' असे लिहिले जाते. तेही अक्षरशः खरेच असते. हे एक चक्र आहे, आणि त्यातला कोणताही एक कागद खोटा ठरविता येत नाही. सरकारी अहवालांचे खरे कौशल्य असत्यात नसून हव्या त्या ठिकाणी वाक्य पूर्ण करण्यात असते.

इथे मराठी श्रोत्याने आरशात पाहणे बरे. कर्नाटकाने २०१५ साली शाळांत कन्नड शिकविणे सक्तीचे करणारा कायदा केला. महाराष्ट्राने २०२० साली मराठीसाठी तसाच कायदा केला. बीदरच्या मराठी पालकाला पहिला कायदा जाचक वाटतो आणि दुसऱ्याचे कौतुक वाटते. जत किंवा अक्कलकोटच्या कन्नड पालकाला नेमके उलट. राज्याची भाषा शिकलीच पाहिजे, यात गैर काही नाही. हळ्ळीखेडच्या बाजारात कन्नड न येणारा माणूस आपलेच नुकसान करून घेतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली महाराष्ट्रातल्या गुजराती शाळांच्या प्रकरणात राज्यभाषेची सक्ती उचलून धरली, तर २०१४ साली घटनापीठाने कर्नाटकाच्या प्रकरणात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच घ्या अशी सक्ती राज्याला करता येणार नाही असे सांगितले. दोन्ही निर्णय एकत्र ठेवले की असे दिसते: राज्यभाषा शिकविण्याची सक्ती चालते, माध्यम लादण्याची चालत नाही. राज्याची भाषा शिकणे आणि स्वतःची भाषा गमावणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि अहवालाने मोजावयाची आहे ती दुसरी. आयुक्ताची प्रश्नावली बेंगळूरला जशी जाते तशीच मुंबईलाही जाते. मुंबईने आपली उत्तरे वेळेवर व सविस्तर दिली, तर बीदरच्या मराठी माणसाच्या मागणीला जे बळ येईल ते दहा सभांनी येणार नाही.

परदेशी दिलेल्या शब्दाचा घरी काही उपयोग होतो काय, असे कोणी विचारील. विशाखा प्रकरणाचा निकाल त्याचे उत्तर देतो. १३ ऑगस्ट १९९७ रोजी, म्हणजे जिनिव्हाची निरीक्षणे निघून दहा दिवसही झाले नव्हते तेव्हा, सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. देशात तेव्हा तसा कायदा नव्हता. न्यायालयाने आधार घेतला तो स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाच्या कराराचा, आणि बीजिंगच्या १९९५ च्या परिषदेत भारत सरकारने अधिकृतपणे दिलेल्या अभिवचनांचा. शिष्टमंडळाने बाहेर बोललेले वाक्य न्यायमूर्तींनी घरी वाचून दाखविले. त्यासाठी ते कोठेतरी छापलेले, जपलेले आणि कोणाच्या तरी नजरेस पडलेले असावे लागते.

म्हणजे गोष्ट पुन्हा ग्रंथालयापाशी येते. कर्नाटकाच्या १९६५ च्या ग्रंथालय कायद्यान्वये स्थानिक करांबरोबर ग्रंथालय उपकर गोळा होतो. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात तसा उपकर नाही, तेथे लोकांनी चालविलेल्या संस्थांना अनुदान देण्याची पद्धत आहे. हळ्ळीखेडचा मराठी वाचक घरपट्टीबरोबर ग्रंथालयासाठीही पैसे भरतो, तेव्हा त्या पैशातून मराठी पुस्तके किती येतात हे विचारण्याचा त्याला पुरता अधिकार आहे, आणि उर्दू वाचकालाही. जुन्या मराठी ग्रंथालयांकडे तर याहून मोलाची एक वस्तू असते, तिच्याकडे कोणी पुरावा म्हणून पाहत नाही. ती म्हणजे देवघेवीची नोंदवही. कोणत्या साली किती मुलांनी मराठी पुस्तक घरी नेले, ती मुले कोणत्या शाळेची होती, कोणत्या सालापासून बालविभागाची पाने कोरी राहू लागली, हे त्या वहीत शाईने लिहिलेले असते. वहीतली नावे बाहेर देण्याची गरज नाही. वर्षवार आकडा पुरे. 'मागणी नाही' या वाक्यासमोर ठेवण्याजोगा दुसरा कागद गावात सहसा नसतो.

आयुक्ताचे अहवाल संसदेपुढे ठेवले जातात, म्हणजे ते गुप्त नाहीत. ग्रंथालयाच्या संदर्भविभागात त्यांची एक रांग असावी, कर्नाटकाविषयीच्या प्रकरणाचा मराठी गोषवारा दर वर्षी एखाद्या शिक्षकाने करावा, आणि २०२४ च्या निरीक्षणांचे मराठी व कन्नड भाषांतर शेजारी शेजारी ठेवावे. हे काम दोन-तीन निवृत्त शिक्षकांच्या आवाक्यातले आहे, आणि कन्नड भाषांतरासाठी शेजारी शोधावयास लांब जावे लागत नाही.

कर्नाटकातल्या शाळा जूनच्या आसपास उघडतात. ठरावाप्रमाणे आगाऊ नोंदवही त्याआधी तीन महिने, म्हणजे मार्चच्या आरंभी उघडावयाची. त्या महिन्यात ग्रंथालयाच्या फलकावर, वर्गणी भरण्याच्या सूचनेच्या खाली, एवढे लिहिता येईल: पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी मुख्याध्यापकांकडे जाऊन ती वही मागावी आणि आपली भाषा नोंदवावी, वही नाही असे उत्तर मिळाल्यास तारखेसह ते लिहून घ्यावे आणि कागद ग्रंथपालांकडे द्यावा.